रानटर्कीची वसंतातील शिकार : एक अभ्यास

टर्की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा. परंतु त्याच्या नावांनी साऱ्या जगाची दिशाभूल केली आहे. इंग्रजांनी त्यास तुर्कस्तानचे नाव दिले. खुद्द तुर्की भाषेत त्यास 'हिंदी' म्हणतात, म्हणजे हिंदुस्थानातला. फ्रेंच भाषेतील 'दँद' या शब्दाचा मूळ अर्थही 'हिंदुस्थानची' असाच आहे. पोर्तुगीज लोक त्यास 'पेरू' म्हणतात. पण पेरू देशातही हा पक्षी मुळात नव्हता. लिनियसने १७५८ साली त्याचे शास्त्रीय नाव 'मेलिआग्रिस गॅलोपावो' असे ठरविले. त्यातील 'गॅलोपावो' म्हणजे कोंबडा-मोर. ज्या रानात तो जन्मला, त्या रानाचे नाव मात्र त्यास कोणीच दिले नाही.

हिंदुस्थानात हा पक्षी आला तो गोव्याच्या वाटेने. १६१२ साली मुकर्रबखान नावाच्या सरदाराने गोव्याच्या बंदरातून काही अपूर्व वस्तू व प्राणी विकत घेऊन जहांगीर बादशहापुढे हजर केले. त्यात एक टर्की होता. त्याचे डोके आणि मान क्षणोक्षणी रंग बदलतात, हे पाहून बादशहा चकित झाला. त्याने ते आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आणि या प्राण्यांची चित्रे काढण्याची आज्ञा केली. उस्ताद मन्सूरच्या नावे ओळखले जाणारे ते टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

माझे लक्ष या पक्ष्याकडे गेले ते मात्र चित्रामुळे नव्हे, माझ्या मामांमुळे. मामा पस्तीस वर्षांपासून अमेरिकेतील मिसूरी राज्यात राहतात. मामींचे माहेर तिथल्याच एका शेतकरी कुटुंबातले. मामींच्या वडिलांनी आपल्या जावयाला रानटर्कीची शिकार शिकविली. २०२५ च्या मे महिन्यात मामांबरोबर तीन पहाटे त्या रानात बसण्याची संधी मला मिळाली. मी बंदुकीस हात लावला नाही. पाहणे, ऐकणे आणि टिपून ठेवणे एवढेच माझे काम होते. त्या तीन पहाटांनी जो प्रश्न माझ्या मनात उभा केला, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. प्रश्न असा : जो पक्षी बंदुकीमुळे नाहीसा होत आला होता, तोच पक्षी बंदुका चालू असताना परत कसा आला?

पक्ष्याची ओळख

नाताळात किंवा अमेरिकेतील 'थँक्सगिव्हिंग'च्या सणाला ताटात येणारी टर्की आणि रानटर्की यांत फार अंतर आहे. सणाची टर्की पाळीव असते. मांसासाठी तिची छाती इतकी वाढविलेली असते की, तिला नैसर्गिक रीतीने समागमही करता येत नाही. रानटर्की सडपातळ, उंच पायांची आणि विलक्षण सावध असते. पूर्व अमेरिकेतील पूर्ण वाढलेला नर सात ते अकरा किलो भरतो. मादी चार-पाच किलोंची. दूरून काळपट दिसणारी नराची पिसे उन्हात तांब्यासारखी, मध्येच हिरवी झळकतात. नराच्या छातीतून केसांसारखा एक झुबका लोंबतो, त्यास तिकडे 'दाढी' म्हणतात. क्वचित एखाद्या मादीलाही दाढी असते. नराच्या पायामागे कोंबड्यासारखा काटा असतो. डोक्यावर पिसे नसतात; तेथील उघडी कातडी लाल, पांढरी आणि निळी होत राहते. जहांगीराने टिपलेले रंग ते हेच.

हा पक्षी दिवसा जमिनीवर चरतो आणि रात्री उंच झाडावर रातथाऱ्याला बसतो. ताशी सुमारे चाळीस किलोमीटर वेगाने तो धावू शकतो, आणि इतके वजन असूनही थोड्या अंतरापर्यंत फार वेगाने उडतो. त्याची दृष्टी तीक्ष्ण आहे. डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने मान जरा वळविली की चोहोबाजूंचे त्यास दिसते. मादी जमिनीवर पाचोळ्यात खळगा करून दहा-बारा अंडी घालते आणि अठ्ठावीस दिवस एकटीच उबवते. नर पिलांकडे ढुंकूनही पाहत नाही. पहिले दोन आठवडे पिलांना उडता येत नाही. त्या काळात कोल्हे, रॅकून, घुबडे, साप आणि थंड पाऊस यांच्यातून जी पिले वाचतील ती वाचतील.

टर्कीला अमेरिकेचा राष्ट्रपक्षी करावे असे बेंजामिन फ्रँकलिनने सुचविले होते, अशी एक दंतकथा आहे. वस्तुस्थिती इतकीच की, १७८४ साली मुलीला लिहिलेल्या पत्रात त्याने गरुडाशी तुलना करून टर्कीला अधिक प्रतिष्ठित आणि अस्सल अमेरिकन पक्षी ठरविले. ऑडुबॉनच्या सुप्रसिद्ध पक्षीचित्रसंग्रहातील पहिलेच चित्र रानटर्कीच्या नराचे आहे, ही गोष्टही बोलकी आहे.

ऱ्हास आणि पुनरागमन

एवढा मान मिळालेला पक्षी एका शतकात दिसेनासा झाला. कारणे दोन. शेतीसाठी जंगले तोडली गेली आणि बाजारात विकण्यासाठी बारमाही शिकार होत राहिली. नर, मादी, पिले असा भेद कोणी केला नाही. मॅसॅच्युसेट्स राज्यातील शेवटची रानटर्की १८५१ साली मारली गेली. १९२० पर्यंत, ज्या ३९ राज्यांत ती पूर्वी होती त्यांपैकी १८ राज्यांतून ती संपली होती. त्यातच परदेशातून आलेल्या बुरशीने चेस्टनटची झाडे मारली. हा रोग १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये प्रथम आढळला. ज्या फळांवर टर्की हिवाळा काढीत ती फळेही गेली.

पुनरागमनाची कथा मला अधिक शिकविणारी वाटते, कारण ती एका माणसाच्या पराक्रमाची नाही. प्रथम कायदा आला. १९०० च्या 'लेसी' कायद्याने चोरून मारलेल्या वन्य पशुपक्ष्यांचा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारा व्यापार गुन्हा ठरला. मग पैसा आला. १९३७ च्या 'पिटमन-रॉबर्टसन' कायद्याने शिकारीच्या बंदुका व काडतुसे यांवरील कर वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राखून ठेवला. आजही लांब बंदुकांवर व काडतुसांवर हा कर ११ टक्के आहे. म्हणजे जो बंदूक विकत घेतो, तो रानाच्या पेटीतही काही टाकतो. तिसरी गोष्ट योगायोगाची. १९३० नंतरच्या मंदीत अनेकांनी शेते सोडली आणि त्या ओसाड जमिनींवर पुन्हा झाडे उभी राहिली.

तरीही टर्की आपोआप परतली नाही. प्रारंभी लोकांनी सोपा मार्ग धरला. पिंजऱ्यात वाढविलेले पक्षी हजारोंच्या संख्येने रानात सोडले. ते सारे प्रयत्न फसले. माणसाच्या हातून दाणे खाल्लेल्या पक्ष्याला कोल्ह्याची चाहूल ओळखता येत नव्हती, आणि पिलांना ते शिकवायला आई नव्हती. १९५० च्या दशकात एक नवी युक्ती सापडली. मक्याचे दाणे टाकून रानातील खऱ्या टर्कींना एका जागी जमवायचे, जवळ घडी करून लपविलेले जाळे लहान तोफांच्या साह्याने त्यांच्यावरून फेकायचे, आणि पकडलेले पक्षी दुसऱ्या रानात नेऊन सोडायचे. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२-७३ साली न्यूयॉर्क राज्यातून आणलेले अवघे ३७ पक्षी सोडले गेले. आज तेथे त्यांची संख्या ३० हजारांच्या घरात आहे. जे हजारो पाळीव पक्ष्यांना जमले नाही, ते सदतीस रानपक्ष्यांनी करून दाखविले.

मिसूरीचे उदाहरण तर अभ्यास करण्याजोगेच आहे. तेथील मतदारांनी १९३६ साली राज्यघटना दुरुस्त करून वन्यजीवांचा कारभार एका स्वतंत्र आयोगाकडे सोपविला. १९५४ पासून टर्की पकडून नव्या रानांत सोडणे सुरू झाले. १९६० साली प्रथम वसंतातील शिकार खुली झाली ती केवळ तीन दिवस आणि केवळ १४ परगण्यांत. त्या वेळी ९४ नर मारले गेले. आज त्याच राज्यात एका वसंतात ३० हजारांहून अधिक पक्ष्यांची शिकार होते, आणि पक्षी टिकून आहे. पुढे १९७६ साली मतदारांनी स्वतःवर आणखी एक कर बसवून घेतला. प्रत्येक आठ डॉलरच्या खरेदीवर एक सेंट रानासाठी. हा कर शिकारी आणि बिगरशिकारी दोघेही देतात.

वसंतातच का?

शिकारीला विणीचा हंगाम का निवडावा, हे प्रथम मला खटकले होते. आपल्याकडील साधी समजूत अशी की, विणीच्या काळात जीवाला हात लावू नये. श्रावणात मासे न खाण्यामागे हेही एक कारण जुनी माणसे सांगतात. टर्कीच्या बाबतीत मात्र उत्तर तिच्या जीवनक्रमात आहे.

एक नर अनेक माद्यांशी समागम करतो. मीलन झाल्यानंतर मादी कित्येक आठवडे फलित अंडी घालू शकते. अंडी उबविणे आणि पिले सांभाळणे यांत नराचा काहीच वाटा नाही. म्हणून बहुतेक माद्यांचे मीलन उरकल्यावर काही नर गेले, तरी पुढील पिढी अडत नाही. शिवाय वसंतात नर पिसारा फुलवून, ओरडून स्वतःची ओळख स्वतःच देतो. मादी चुकून मारली जाण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. या विचारावरच मिसूरीचे नियम उभे आहेत. शिकार फक्त नराची किंवा स्पष्ट दाढी दिसणाऱ्या पक्ष्याची. एका शिकाऱ्यास साऱ्या हंगामात दोनच पक्षी, आणि एका दिवसात एकच. सार्वजनिक रानात दुपारी एकनंतर शिकार बंद. पक्षी मारल्याबरोबर परवान्यावर खूण करायची आणि त्याच रात्री दहाच्या आत तो सरकारदरबारी नोंदवायचा.

हा हिशेब एकदा मांडला की कायमचा सुटला, असे मात्र नाही. या शतकाच्या आरंभी अमेरिकेत रानटर्की आजच्याहून अधिक होत्या. आज ती संख्या ६० लाखांच्या आसपास आहे आणि आग्नेयेकडील काही राज्यांत घट जाणवते आहे. हंगाम फार लवकर उघडल्यास मीलनापूर्वीच प्रबळ नर मारले जातात काय, यावर शास्त्रज्ञांत चर्चा आहे. म्हणूनच काही राज्यांनी हंगाम पुढे ढकलला. जॉर्जिया राज्याने २०२२ पासून प्रत्येकी तीन पक्ष्यांची मर्यादा दोनवर आणली. संख्या घटू लागली की सवलत मागे घ्यायची, हा या व्यवस्थेचा कणा आहे.

उलटी हाक

रानटर्कीची शिकार ही पाठलागाची शिकार नाही. ती बसून, बोलावून करायची शिकार आहे. निसर्गाचा क्रम असा की, नर आपल्या जागी उभा राहून गडगडतो आणि मादी त्याच्याकडे चालत जाते. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नराने आपल्याकडे यावे अशी अपेक्षा धरतो. म्हणजे तो निसर्गाचा क्रम उलटा करू पाहतो. सारी अडचण आणि सारी विद्या या एका गोष्टीत आहे.

आवाज काढण्याची साधने साधी आहेत. एक लाकडी पेटी, जिचे झाकण कडेवर घासले की मादीची किणकिण उमटते. अशा पेटीचे पेटंट अर्कान्सस राज्यातील गिब्सन नावाच्या गृहस्थाने १८९७ साली घेतले. दुसरे साधन म्हणजे पाटी आणि काडी. आपली शाळेतली पाटी-पेन्सिलच म्हणा ना. तिसरे, टाळूला चिकटवायची रबरी पडद्याची शिट्टी. अमेरिकेचे मूळ रहिवासी टर्कीच्याच पंखातील पोकळ हाडांची नळी करून ओढीत असत. आपल्याकडील फासेपारधी पाळलेल्या तित्तराच्या आवाजाने रानातला तित्तर फाशाकडे आणतात, त्याची येथे आठवण होते. विद्या एकच आहे, देश वेगळे.

मामांनी पहिल्या दिवशी मला पेटी दिली नाही. आधी नियम सांगितले. ते मी जसे ऐकले तसे देते. "लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको. रुमालसुद्धा नको. नराच्या डोक्याचे रंग तेच. दुसरा कुणी शिकारी असला तर त्याला तू टर्की वाटशील. पाठ खांद्यापेक्षा रुंद झाडाला लावून बसायचं. आवाज आला म्हणून आवाजाच्या दिशेनं चालत जायचं नाही. तो आवाज माणसाचाही असू शकतो. दाढी दिसल्याखेरीज बोट घोड्याकडे जाता कामा नये. चाळीस पावलांच्या पलीकडे गोळी नाही. आणि पाखराच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय तर नाहीच नाही."

हे सारे त्यांच्या सासऱ्यांचे नियम. ते आता हयात नाहीत. पण त्यांच्या हातची एक वही मामांकडे आहे. प्रत्येक पहाटेस एक ओळ : तारीख, वारा, किती नर ओरडले, किती माद्या दिसल्या, काय घडले. ती वही मी पाहिली. 'मारला' या नोंदीपेक्षा 'मारला नाही' ही नोंद कितीतरी अधिक वेळा येते, आणि पुढे कारण दिलेले असते. फार दूर. मागे मादी. उजेड कमी. मुलगी झोपली होती, उठवली नाही. ती मुलगी म्हणजे माझ्या मामी.

तीन पहाटा

पहिल्या दिवशी आम्ही चार वाजता उठून ओकच्या रानात जाऊन बसलो. अंधारात रातवा ओरडत होता. उजाडू लागताच मामांनी पट्टेरी घुबडाची हुबेहूब नक्कल केली. अशा अचानक आवाजाने रातथाऱ्यावरचा नर चिडून ओरडतो आणि आपली जागा सांगून टाकतो. तसेच झाले. दूर ओढ्यापलीकडून असा काही गडगडाट आला की माझ्या अंगावर काटा उभा राहिला. मामांनी पाटीवर काडी तीनदा हलकेच फिरविली आणि ती खाली ठेवून दिली. वीस मिनिटे ते काहीच बोलले नाहीत, हलले नाहीत. नर ओरडत राहिला. पण ओढा ओलांडून आला नाही. मग पलीकडे खरी मादी बोलली, आणि गडगडाट तिच्यामागे दूर गेला. "तिचं बोलणं माझ्यापेक्षा चांगलं," एवढेच मामा म्हणाले. वहीत नोंद झाली.

दुसऱ्या दिवशी एक मोठा नर पिसारा फुलवून पस्तीस पावलांवर आला. पंख जमिनीला घासत होते, त्याचा खरखराट मला ऐकू येत होता. डोके निळे-पांढरे होते, गळा लालभडक. मामांची बंदूक गुडघ्यावर स्थिर होती. मी श्वास रोखून धरला. पण त्या नराच्या बरोबर मागे, गवतात, एक मादी मान खाली घालून टिपत होती. छऱ्याची बंदूक एका पक्ष्यापुरती फुटत नाही, छरे पसरतात. नर पुढे सरकला की मादीही त्याच्यामागे सरके. असे दोन-तीन मिनिटे चालले असेल. शेवटी नराला काही संशय आला, त्याने पिसारा मिटला, एकच तुटक आवाज काढला आणि दोघे झाडीत नाहीसे झाले. मामांनी बंदूक उतरविली. त्यांच्या चेहऱ्यावर मला निराशा दिसली नाही. परतताना ते मला गोचीड कपड्यांवरून कसे झटकावे हे सांगत होते.

तिसऱ्या दिवशी नर एकटा आला. बार झाला. मी हे सुंदर करून सांगणार नाही. पक्षी पडला तरी पंख काही वेळ जोराने फडफडत राहिले. मामा भराभर चालत गेले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून तो शांत होईपर्यंत तेथेच बसून राहिले. मी जवळ गेले तेव्हा डोक्यावरची लाली आणि निळाई माझ्या देखत ओसरत होती; थोड्या वेळाने तेथे फिकट राखाडी कातडी तेवढी उरली. मामांनी परवान्यावर खूण केली, घरी येऊन नोंद दिली, नोंदीचा क्रमांक वहीत उतरविला. मांस वाया गेले नाही. मांड्या चिवट होत्या, म्हणून मामींनी त्या मंद आचेवर शिजविल्या, आणि मामांनी कांदा-खोबऱ्याचे वाटण लावून त्यांचा रस्सा केला.

आजीचा प्रश्न

माझी आजी, म्हणजे मामांची आई, माळकरी आहे. मामा शिकार करतात हे तिला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी दूरध्वनीवर तिने नेहमीचा प्रश्न विचारला : "पोटाला अन्न असताना पाखराचा जीव कशाला घ्यायचा रे?" मामांनी वाद घातला नाही. नंतर मला म्हणाले, "आईचं चुकत नाही. दोन आणायची परवानगी असताना मी एकच आणतो, ते तिच्यामुळं."

आजीच्या प्रश्नाला आकड्यांनी उत्तर देता येत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. साठ लाख पक्षी आहेत म्हणून एका पक्ष्याचे मरण हलके होत नाही. शिकारीच्या करातून रान वाचले हे खरे. पण म्हणून शिकार हे पुण्यकर्म ठरत नाही. उलट, जो कोंबडी विकत घेऊन खातो आणि तिचे मरण कधीच पाहत नाही, त्याने शिकाऱ्यास क्रूर म्हणावे यातही विसंगती आहे. आजी मांस खातच नाही. तिला हा प्रश्न विचारण्याचा पुरा अधिकार आहे. आपल्यापैकी अनेकांना तो अधिकार आहे काय, हे ज्याने त्याने पाहावे.

मला जाणवले ते असे. कायदा मादी मारू नको म्हणतो. पण त्या दुसऱ्या पहाटे पस्तीस पावलांवर पाहणारा कोणी अधिकारी नव्हता. मागची मादी जखमी झाली असती तरी कोणास कळले नसते. तेथे मामांचे बोट थांबले ते सासऱ्यांनी वर्षानुवर्षे शेजारी बसवून लावलेल्या वळणामुळे, आणि काही अंशी सातासमुद्रापलीकडील आईच्या प्रश्नामुळे. सरकारी नोंद आणि घरची वही, दोन्ही असतील तरच अशी शिकार रानाला परवडते. यांतील एक जरी गेली तरी १८५१ फार दूर नाही.

आपल्यासाठी यात काय?

कोणी म्हणेल, मग आपल्याकडेही शिकार खुली करावी काय? माझे उत्तर स्पष्ट नाही असे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रारंभी काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळत. १९९१ च्या दुरुस्तीने ती वाटही बंद झाली. ते योग्यच झाले. टर्की दहा-बारा अंडी घालते. आपला माळढोक बहुधा एकच घालतो. एका जीवनक्रमावर बेतलेला नियम दुसऱ्याला लावता येत नाही. साऱ्या भारतात मिळून माळढोक दीडशेही उरलेले नाहीत. सोलापूरजवळ नान्नज येथे १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. पण महाराष्ट्रातून तो जवळजवळ गेल्यासारखाच आहे. येथे केवळ बंदूक बंद करून भागले नाही. माळराने नांगरली गेली, त्यांवरून विजेच्या तारा गेल्या, आणि उडताना समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी त्या तारांवर आदळून मरतो. २०१९ पासून जैसलमेर भागात त्याच्या अंड्यांची कृत्रिम उबवण सुरू आहे. पिंजऱ्यात वाढलेल्या टर्कींचे रानात काय झाले, हे ज्याने वाचले आहे, त्याला त्या पिलांच्या पुढील परीक्षेची कल्पना येईल.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. मिसूरीत शिकार हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. आपल्याकडे तित्तराला हाक मारणारा पारधी पोटासाठी हाक मारीत होता. १८७१ च्या कायद्यान्वये इंग्रजांनी अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला; तो कायदा १९५२ साली गेला, शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. पुढे वन्यजीव कायद्याने त्यांचा धंदाही गेला. रान वाचविण्याचे मोल ज्यांनी सर्वांत अधिक दिले, त्यांना त्या रानाच्या राखणीत आपण किती जागा दिली? ज्यांना पक्ष्याचा शब्द न् शब्द ओळखता येतो, ती माणसे रानाच्या राखणीत पहिल्या रांगेत असावयास हवी होती.

मिसूरीकडून घ्यावयाची असेल तर एकच गोष्ट घ्यावी, ती म्हणजे मोजणी. तेथे १९५९ पासून दर वर्षी जून ते ऑगस्ट या काळात सामान्य नागरिक दिसलेल्या माद्या आणि पिले यांची नोंद सरकारला कळवितात. शेतकरी, टपाल वाटणारे, शिकारी, कोणीही. एका मादीमागे किती पिले दिसली, यावरून पुढील हंगामाचा अंदाज बांधला जातो. यासाठी बंदूक लागत नाही, पैसाही फारसा लागत नाही.

आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थी रोज बसने किंवा सायकलने चार दिशांच्या गावांतून येतात. प्रत्येकाच्या वाटेवर एखादा माळ, एखादा ओढा, एखादे पडीक रान आहे. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी दहा मिनिटे उभे राहून किती तित्तर ओरडले, किती मोर दिसले, लांडोरीमागे किती पिले होती, हे एका वहीत लिहिता येईल. भूगोल आणि प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी ती वही वर्षाअखेर एकत्र करावी व पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या हाती द्यावी. पहिल्या वर्षी त्या आकड्यांना काही अर्थ नसेल. दहाव्या वर्षी मात्र आपल्या तालुक्यात कोणता आवाज कमी होत चालला आहे, हे तो पूर्ण थांबण्यापूर्वी आपल्याला कळेल. येत्या जूनपासून प्रारंभ करावा, अशी माझी सूचना आहे. माझ्या वाटेवरच्या माळाची नोंद मी करीन.